मदत हवी आहे: वेल भरपूर, खाली काहीच नाही. ऊन कमी पडतंय का?

वेलबुट्टी
वेल इतका माजलाय की वाफ्यातली माती दिसत नाही. कडेला उकरून पाहिलं तर नुसती दोरीसारखी मुळं, फुगलेलं एकही नाही. सावलीमुळे असं होतं का? शेडनेट काढू का ठेवू? पाणी रोज, खत वेळेवर. नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा, या आठवड्यात ठरवायचंय.

पानगळ
लावलंय काय ते आधी सांगा. ऊन किती वाजता येतं, कधी जातं? नेट किती टक्क्यांचं? खत कुठलं? एवढं कळल्याशिवाय सांगणार काय?

मातीचा_वास
बटाटा असेल तर सावलीपेक्षा तापमान बघा. कंद धरायला माती साधारण १५ ते २० अंशांची लागते. ती ३०च्या आसपास गेली की पाला हिरवागार राहतो आणि कंद धरणं जवळपास बंद होतं. शिवाय मातीची भर द्या. उघड्या पडलेल्या बटाट्यावर ऊन आलं की तो हिरवा पडतो, त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं आणि ते शिजवूनही जात नाही. असा बटाटा खाऊ नका.

वेलबुट्टी
बटाटा नाही हो, रताळं! वेल म्हटलं ना वर.

हळदुली
मग नेट राहू द्या. माझं आलं आणि हळद विरळ सावलीतच उत्तम येतात. कडक उन्हात आल्याची पानं करपतात. अळूचंही तेच. उगाच नेट काढून वेल घालवू नका.

पानगळ
हळदुली, आलं-हळद ही जमिनीखालची खोडं आहेत, विरळ सावली त्यांना मानवते. रताळं हे फुगलेलं मूळ, त्याला उघडं ऊन लागतं. पानं जी साखर बनवतात ती आधी वाढत्या शेंड्यांना जाते, उरलेली खाली पिठूळ होऊन साठते. प्रकाश कमी असला की वेल उजेड शोधत लांबतो आणि खाली पाठवायला उरतच नाही.

हळदुली
सुरणही सावलीत होतो, तो काय उघड्यावरच लावायचा?

पानगळ
सावली सोसणं वेगळं, सावली हवी असणं वेगळं. वेलबुट्टीताई, ऊन आणि खताचं राहिलंच.

वेलबुट्टी
नेट ५० टक्क्यांचं, लावल्यापासून आहे. पूर्वेला भिंत, त्यामुळे ऊन अकराला येतं, दोननंतर झाडाची सावली. खत युरिया, दर पंधरवड्याला. आता सांगा.

पानगळ
आता उलगडलं. मोजकं तीन तास ऊन, त्यातलंही निम्मं नेटवर अडतं. वर युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे सगळा जोर पाल्यालाच. युरिया आजच बंद करा. नेट काढा, पण एकदम नको. सावलीत वाढलेली पानं पातळ असतात, भर उन्हात भाजतात. आधी संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी उघडत जा. पाणी रोज नको. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, मग ती फुगत नाहीत.

मातीचा_वास
आणि वेल उचलून पेरांवरची मुळं तोडा, नाहीतर ताकद वाटली जाते.

पानगळ
हे मला पटत नाही. वेल उलटवले की पानं उपडी पडतात, ती सरळ होईपर्यंत आहे तेवढाही प्रकाश वाया जातो. आधीच उजेडाची टंचाई आहे तिथे तर हे नकोच.

मातीचा_वास
मी दर हंगामात उचलतो, माझी रताळी चांगली भरतात.

पानगळ
तुमचा वाफा दिवसभर उन्हात असेल. ताई, एक कडू गोष्ट: मूळ फुगणार की दोरीच राहणार हे लागवडीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बरंचसं ठरतं. या वाफ्यातून आता फार धरून चालू नका. निरोगी शेंडे कापा आणि दिवसभर ऊन येतं तिथे नव्याने लावा.

कोवळं_ऊन
माझ्या डेलियाला पाला छान, पण कंद बारीक. वर रात्रभर दिवा असतो. त्याचा संबंध असेल का?

पानगळ
असू शकतो. डेलियाचे कंद दिवस लहान झाले की भरतात, रात्रीच्या दिव्याने झाडाला दिवस मोठाच वाटतो. दिव्यापासून लांब हलवून बघा.

वेलबुट्टी
डेलियासाठी वेगळा धागा काढा ना. शेंडे किती लांब कापायचे?

पानगळ
फूटभर. खालची पानं काढून दोन-तीन पेरं मातीत जाऊ द्या. रुजेपर्यंत चार-सहा दिवस हलकी सावली चालेल, नंतर नाही.

हळदुली
बघा, सावली लागलीच ना!