घरं दुरुस्त करून माणसं सावरतात का? हेब्रॉन, ऐन हौद, गाझा

गच्चीवरून

पॅलेस्टाईनचा विषय निघाला की दुसऱ्या प्रतिसादात गाडी हमास आणि नेतान्याहूंवर जाते. इथे तेवढं टाळूया. माझं म्हणणं नेमकं आहे. तिथे जुनी घरं दुरुस्त करणं ही वारसाप्रेमींची हौस नाही. उद्ध्वस्त झालेल्या समाजाला पुन्हा उभं करायचं ते काम आहे, आणि मदतीच्या यादीत ते शेवटी ढकलू नये.

पश्चिम किनाऱ्यावरचं हेब्रॉन शहर घ्या, अरबीत अल-खलील. १९९४ मध्ये बारूख गोल्डस्टाइन या ज्यू वसाहतवाल्याने तिथल्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून मारलं. त्यानंतर निर्बंध आले ते मरणाऱ्यांच्या शेजाऱ्यांवरच. रस्ते बंद, दुकानं बंद, पावलोपावली चौक्या. जुन्या शहरातली बिऱ्हाडं एकेक करून हलली. आणि तिथे घर रिकामं पडलं की शेजारची ज्यू वसाहत हातपाय पसरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९९६ मध्ये पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांनी हेब्रॉन पुनर्वसन समिती नेमली. तिने वसाहतींच्या आसपासची पडकी घरं आधी हातात घेतली. एकाच मोठ्या कुटुंबासाठी बांधलेल्या घरांत आतून वाटण्या करून लहान बिऱ्हाडं बसवली, भाडं माफ केलं आणि माणसं परत आणली. शेकडो घरं अशी नांदती झाली. १९९८ मध्ये या कामाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, २०१७ मध्ये जुनं शहर जागतिक वारसा यादीत गेलं. मला त्या पुरस्कारांपेक्षा चुलीवर पुन्हा भांडं चढलं याचं मोल जास्त वाटतं.

टोचणी

चित्र छान रंगवलंत, पण अर्धंच. बत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेने २००७ मध्ये हेब्रॉनच्या मध्यभागाची पाहणी प्रसिद्ध केली. १,०१४ घरं रिकामी, म्हणजे जवळजवळ ४२ टक्के. १,८२९ दुकानं बंद. हे आकडे तुमच्या समितीने दहा वर्षं काम केल्यानंतरचे आहेत.

जुन्या बाजाराचे फोटो बघा. गल्लीवर आडवी तारेची जाळी ताणलेली आहे. वरच्या मजल्यांवर राहणारे वसाहतवाले खाली कचरा, बाटल्या, विटा टाकतात म्हणून. जाळीत विटा अडकतात, घाण पाणी अडकत नाही. त्या जाळीखालची कमान युरोपातल्या पैशाने लख्ख केलेली असते. कमानीला पैसा देणं सोपं आहे, वरच्या माणसाला आवरायला लागणारं राजकीय धाडस त्याच देणगीदारांकडे नाही. घाव घालणं थांबलेलंच नसताना भरून येण्याच्या गोष्टी कसल्या करायच्या?

चुनेगच्ची

जुन्या इमारतींच्या संवर्धनात हात काळे केलेत, म्हणून जरा कामाचं बोलतो. दोघांनीही मजुरी विसरलीत.

रामल्लात रिवाक नावाची संस्था आहे. वास्तुरचनाकार सुआद अमिरी यांनी १९९१ मध्ये काढली. १९९४ ते २००७ अशी तेरा वर्षं खपून त्यांनी पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझामधल्या ५०,३२० जुन्या इमारतींची नोंदवही केली. घर पाडलं तरी ते होतं हे सिद्ध करायला निदान कागद राहिला. दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्रायलविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाल्यावर इस्रायलमध्ये कामाला जाणाऱ्या हजारो मजुरांची वाट बंद झाली. रिवाकने २००१ पासून दुरुस्तीची कामं मुद्दाम रोजगारासाठी काढली. का जमलं, तर चुन्यामुळे.

दगडी भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या की ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. पण त्याला वेळ लागतो. विरवायचा, मळायचा, थर सुकू द्यायचा, पुन्हा भरायचा. म्हणजे पैसा मालापेक्षा माणसाच्या हातात जास्त जातो. घरी बसलेल्या गवंड्याला शनिवारी पगार मिळाला आणि स्वतःच्या आजोबांच्या पद्धतीची कमान बांधता आली, यात मला ‘सावरणं’ दिसतं. रामल्लाजवळच्या बीरझैतच्या जुन्या गावाचं काम असंच झालं, २०१३ मध्ये त्यालाही आगा खान पुरस्कार मिळाला.

अडचण वेगळीच असते: वारसदार. एका घराला चाळीस नावं, निम्मी अम्मान नाहीतर अमेरिकेत. पुण्यातल्या वाड्यांच्या भानगडी पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. रिवाक अशा वेळी मालकांशी ठरावीक वर्षांचा वापराचा करार करते.

नागावकर

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, अलिबागकडचे. माझी आत्या साठच्या दशकात इस्रायलमधल्या लोद शहरात गेली, तिची नातवंडं तिथलीच. ‘वसाहतवाले’ हा शब्द इथे सरसकट फिरतोय म्हणून लिहितोय. आत्याने कुणाचं घर बळकावलं नाही. सरकारने दिलेल्या दोन खोल्यांत संसार केला. आणि हेब्रॉनची गोष्ट १९९४ पासूनच का सुरू करता? १९२९ मध्ये तिथल्या ६७ ज्यूंची कत्तल झाली, शतकानुशतकांची वस्ती उठली. त्यांची घरं, त्यांचं सिनेगॉग हा वारसा नव्हे का? दुरुस्तीच औषध असेल तर ते सगळ्यांना द्या.

रानजाई

नागावकर, १९२९ नाकारायचं कारणच नाही. ते सिनेगॉग पुन्हा बांधलंही गेलंय, सैन्याच्या पहाऱ्यात. उलट शेजारच्या पॅलेस्टिनी दुकानदाराला गाळा उघडायची परवानगी मिळत नाही. औषध दोघांना सारखं मिळत नाही, वाद तिथे आहे. तुमच्या आत्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही. पण ती पोचली त्या लोदमधून जुलै १९४८ मध्ये बहुतेक अरब रहिवाशांना हाकलून दिलं होतं, हेही त्याच शहराच्या इतिहासात आहे.

आता धागाकर्त्यांना एक प्रश्न. इस्रायलमध्ये हैफाजवळ ऐन हौद नावाचं अरबांचं गाव होतं. १९४८ च्या युद्धात रिकामं झालं. सैन्य ते पाडणार होतं, चित्रकार मार्सेल यान्को यांनी वाचवलं आणि १९५३ मध्ये तिथे कलावंतांची वसाहत वसवली. दगडी घरं जपली, मशिदीचं रेस्टॉरंट झालं. गावातले काही मूळ लोक जवळच्याच टेकडीवर राहिले आणि त्यांच्या नव्या वस्तीला अनेक दशकं सरकारी मान्यता नव्हती. म्हणजे आपलं घर दुसऱ्याने नीट राखलेलं रोज दिसतंय, आत पाऊल टाकायचं तर गिऱ्हाईक म्हणून. संवर्धनाच्या परीक्षेत या गावाला पैकीच्या पैकी मार्क पडतील. याला काय म्हणाल?

गच्चीवरून

लूट म्हणेन. भिंत वाचली, नांदणारे गेले. म्हणून तर मी हेब्रॉनचं उदाहरण घेतलं. तिथे माणूस राहायला येणार नसेल तर समिती त्या घराला हात लावून काय करणार? टोचणी, तुमचे आकडे मान्य, पण दुरुस्ती झालीच नसती तर उरलेली ५८ टक्के घरं तरी भरलेली राहिली असती का?

टोचणी

कदाचित नसती. हेब्रॉनपुरतं सोडून देतो. गाझाचं बोला. ओमरी मशीद डिसेंबर २०२३ मध्ये उद्ध्वस्त झाली, पाशाचा वाडा गेला, हमाम अल-समरा गेलं, सेंट पॉर्फिरियस चर्चच्या आवारात आसरा घेतलेली माणसं बॉम्बहल्ल्यात मेली. युनेस्कोने नुकसान पडताळलेल्या स्थळांची संख्या शंभरावर गेली आहे. पण माणसं तंबूत आहेत. तिथे आधी कमान की आधी छप्पर? माझं उत्तर ठरलेलं आहे.

चुनेगच्ची

आधी छप्परच. फक्त ढिगारा उचलताना शुद्धीवर राहा, एवढंच माझं मागणं. राडारोडा पाच कोटी टनांहून जास्त आहे. बुलडोझर सगळं एकत्र लोटून भरावाला टाकेल, त्यात घडीव दगडही जातील. एकदा खडी झाली की संपलं. पाशाच्या वाड्याच्या ढिगाऱ्यात स्थानिक लोकांनी हाताने दगड निवडून रचायला सुरुवात केली आहे. त्याला यंत्र लागत नाही, जागा आणि मजुरी लागते. तंबूतल्याच लोकांना ती मजुरी द्या.

टोचणी

दगड निवडायला हरकत नाही. पण ते कुठे लावायचे हे कोण ठरवणार? जून १९३६ मध्ये ब्रिटिशांनी जाफा या बंदर-शहराच्या जुन्या भागातून रस्ते काढायला घरं सुरुंगाने उडवली, हजारो बेघर झाले आणि कारण दिलं नगरसुधारणेचं. खरं कारण अरबांचं बंड मोडायचं होतं. २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी गाझाच्या किनाऱ्यावर ‘रिव्हिएरा’, म्हणजे चैनीचं समुद्रकिनारी पर्यटनस्थळ, करायची भाषा केली. त्या नकाशात तुमच्या रचून ठेवलेल्या दगडांची जागा कुठली, ते सांगा. नंतर मजुरीचं बोलू.