'पक्ष बदललेला मतदार' म्हणजे नेमका कोण?

प्रश्न : 2019 च्या विधानसभेला धनुष्यबाणाचं बटण दाबलेल्या आणि 2024 ला मशालीचं दाबलेल्या माणसाला बातमीत काय म्हणायचं? 'पक्षांतर केलेला मतदार' खटकतं, 'निष्ठावंत मतदार'ही खटकतं.

उत्तर : 'पक्षांतर' इथे नकोच. तो आमदार-खासदारांचा शब्द आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं आणि त्या शब्दाला अपात्रतेचा अर्थ चिकटला. मतदार कुठल्या पक्षाचा सदस्य असेलच असं नाही, त्याचं मत गुप्त असतं आणि पुढच्या निवडणुकीसाठी तो कुणालाही बांधील नसतो. 'बंडखोर', 'गद्दार' हे शब्द मतदाराला लावणं तर सरळ अन्याय आहे.

उत्तर : वरच्या उदाहरणात मुळात बदललं कोण, हे आधी ठरवा. फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. वर्षभराने राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला गेलं. त्यामुळे धनुष्यबाणावर कायम राहिलेला मतदार चिन्हाशी एकनिष्ठ आणि ठाकरे गटाच्या मशालीकडे गेलेला नेतृत्वाशी एकनिष्ठ, असं दोघांनाही म्हणता येतं. एकाला 'निष्ठावंत' म्हटलं की बातमीने एका गटाची बाजू घेतली. '2019 ला धनुष्यबाण, 2024 ला मशाल' एवढंच लिहावं; त्यात विशेषण नाही, म्हणून वादही नाही.

प्रश्न : मग 'मत बदललं' चालेल?

उत्तर : जपून. 'मत' म्हणजे विचारही आणि मतदानही. या माणसाचा विचार जागचा हललेला नसेल, फक्त बटण बदललं असेल.

युतीत गुंता आणखी वाढतो. 2019 ला सेना-भाजप युती होती आणि सेनेने 288 पैकी सव्वाशेच्या आसपास जागा लढवल्या. उरलेल्या बहुतेक मतदारसंघांत कट्टर सेना समर्थकापुढेही कमळच होतं. त्याने 2024 ला मशालीला मत दिलं, तर कागदावर तो 'भाजप सोडून गेलेला' दिसतो. म्हणून पाहणीत चार गोष्टी वेगळ्या विचारा आणि वेगळ्या रकान्यांत भरा : मागच्या वेळी मतदान केलं का, कुठल्या चिन्हाला, त्या चिन्हावर उमेदवार कुठल्या पक्षाचा होता, आणि स्वतःला कुठल्या पक्षाच्या जवळचे मानता. चौथा रकाना पहिल्या तिघांवरून भरायचा नाही. पाहणी फसते ती इथेच. शिवाय 'मागच्या वेळी कुणाला दिलंत?' याला निवडून आलेल्याचं नाव सांगणारे प्रत्यक्षापेक्षा जास्त भेटतात, तेव्हा स्मरणातून आलेलं उत्तर प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहावं.

पुरवणी : नुसत्या आकड्यांवरून 'मतदार फिरले' लिहू नका. 2024 च्या लोकसभेत महाविकास आघाडीला 48 पैकी 30 जागा मिळाल्या. सहा महिन्यांनी विधानसभेत एकट्या भाजपला 132. या दोन निवडणुकांमध्ये मतदानाचं प्रमाणही सुमारे 61 टक्क्यांवरून 66 च्या आसपास गेलं. म्हणजे फिरलेले, लोकसभेला घरी बसलेले आणि यादीत नव्याने आलेले असे तिघेही या फरकात मिसळलेले आहेत. बेरजेतून ते वेगळे काढता येत नाहीत. उलटही होतं : शंभरातले दहा एका पक्षाकडून दुसरीकडे गेले आणि दुसरीकडचे दहा इकडे आले, तर टक्केवारी तसूभरही हलत नाही, पण वीस जणांनी बटण बदललेलं असतं.

प्रश्न : 'तरंगता' आणि 'कुंपणावरचा' एकच का?

उत्तर : नाही. कुंपणावरचा म्हणजे या निवडणुकीत अजून न ठरवलेला. तो शेवटी दर वेळचंच बटण दाबू शकतो. तरंगता म्हणजे एकाच प्रकारच्या दोन निवडणुकांत दोन वेगळे पक्ष निवडणारा, मग त्याने या वेळचा निर्णय महिनाभर आधी पक्का केलेला का असेना. 'तरंगता' वापरताना कुठल्या दोन निवडणुका, लोकसभा की विधानसभा, हे त्याच वाक्यात सांगावं. लोकसभेला एक आणि विधानसभेला दुसरा पक्ष असं ठरवूनच मतदान करणारे असतात. त्यांना 'तरंगते' म्हणणं चूक, कारण त्यांची दोन्ही मतं आपापल्या जागी स्थिर असतात.