अनुभव धागा: महासाथीत किचन बंद पडलं तेव्हा...

काल कपाट आवरताना जुना एप्रन सापडला. खिशात ऑर्डरची चिठ्ठी, टेबल नंबर 6. मार्च 2020 मधली, शेवटच्या रात्रीची. मालक म्हणाले, फ्रिजमधलं नेता येईल ते न्या, उद्यापासून शटर बंद. आम्ही अकरा जण पिशव्या घेऊन मागच्या दाराशी उभे, कुणी बोलेना. रात्रभर झोप नाही लागली. तुमच्यापैकी कुणी या धंद्यात होतं का? लिहा ना.

रातपाळी
भांडी घासायला होतो. आधी आम्हालाच घरी बसवलं. पार्सलला आचारी लागतो, ताटल्या नाहीत तर घासणारा कशाला?

साधी_माणूस
वेटरचंही तेच हो. घर चालायचं टिपवर. अर्धा पगार मिळाला, तोही कागदावरच्या आकड्याचा. टिप कुठल्या कागदावर असते?

आचारीकाका
मला कोविड झाला, ताप तीन दिवसांत उतरला पण वास गेला तो चार महिने. लसूण करपला तरी कळेना. शेजारच्या पोराला विचारायचो, "झाला का रे?" 22 वर्षं मीठ अंदाजाने टाकलं, तेव्हा चमच्याने मोजायला लागलो. चव घ्यायचो आणि तोंडात नुसतं गरम पाणी. कॉफी अजून जळकी लागते.

निशिगंध
काका, वाचून पोटात तुटलं. माझ्या बहिणीला डॉक्टरांनी लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी रोज दोनदा हुंगायला सांगितलं होतं. तिला लवंग आधी कळली. करून बघा.

आचारीकाका
आजच सुरू करतो ताई.

दोनचाकी
मी पार्सल पोचवायचो. दाराशी ठेवा, बेल वाजवा, निघा. दिवसभर अन्न वाहायचं आणि कुठलंच हॉटेल बाथरूम वापरू देईना. लोक बाल्कनीत टाळ्या वाजवत होते तेव्हा मी जिन्यात बसून डबा खात होतो.

मीरा_क
आमचा दुधाचा पुरवठा. हॉटेलं बंद आणि आमची मशीन फक्त मोठे कॅन भरणारी. दुकानात लहान पिशव्यांना मागणी, आमच्याकडे दूध ओतून द्यायची वेळ. वडील गटारापाशी उभे राहिले नाहीत, आत गेले.

निशिगंध
आणि यीस्ट! कुठेच मिळत नव्हतं. जो तो घरी पाव भाजत होता :)

रातपाळी
धागाकर्ते, 6 नंबरने काय मागवलं होतं?

धागाकर्ता
शाई उडालीय दादा. खाली फक्त "कांदा नको" वाचता येतंय.