'कोलॅटरल ब्यूटी': देवदूत की भाड्याचे नट?

पारिजात
(शेवट फोडलाय. सिनेमा बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा.)

२०१६ सालचा, डेव्हिड फ्रँकेलचा नाताळपट. समीक्षकांनी तेव्हा यथेच्छ झोडपला, आणि ओळखीतही 'मुद्दाम रडवायला काढलाय' असंच ऐकू येतं. मला पटत नाही, म्हणून हा धागा.

गोष्ट अशी. न्यूयॉर्कात जाहिरात कंपनी चालवणाऱ्या हॉवर्डची (विल स्मिथ) सहा वर्षांची मुलगी मेंदूच्या कॅन्सरने जाते. त्यानंतर तो ऑफिसात येतो, दिवसचे दिवस डॉमिनोजच्या (खेळातल्या उभ्या ठोकळ्यांच्या) रांगा रचतो, एका टिचकीने पाडतो आणि निघून जातो. बोलत कुणाशीच नाही. पत्रं मात्र लिहितो, तीही प्रेम, काळ आणि मृत्यू यांच्या नावाने. भागीदारांना (एडवर्ड नॉर्टन, केट विन्स्लेट, मायकेल पेन्या) कंपनी विकायची आहे, पण निर्णायक मतं याच्या हातात. मग ते तीन नाटकवाले गाठतात, त्यांना प्रेम, काळ आणि मृत्यू बनवून त्याच्यापुढे उभे करतात. शेवटी सुचवलंय असं की ते तिघे सोंग घेतलेले नव्हतेच. पार्कातल्या पुलावर हॉवर्डला ते दिसतात, बायकोला तिथे कुणीच दिसत नाही.

माझा मुद्दा एवढाच की या माणसाला समजावणारे ढीगभर होते, भांडायला कुणी नव्हतं. मृत्यूला तो पत्रात हिणवतो, साधी अदलाबदलही तुझ्या हातात नाही म्हणून. पोरीऐवजी मला ने, असं मागून झालेलं असतं ना. आपल्याकडेही भेटायला येणारे 'देवाची मर्जी' म्हणून चहा पिऊन जातात. ज्याची मर्जी, त्याला चार शब्द सुनवायची सोय कोण करून देतं? जनाबाईने 'अरे विठ्या विठ्या' म्हणून केली होती. इथे ती सोय तीन नटांनी केली.

खडूस
जनाबाईला मध्ये आणू नका. ती कुणाला शिव्या घालतेय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि खांबाआड कॅमेरा लावून कुणी बसलं नव्हतं.

इथे काय चाललंय बघा. गुप्तहेर नेमला. टपालपेटीतून पत्रं काढली. रस्त्यात त्याचं आणि नटांचं बोलणं चोरून चित्रित केलं. मग कॉम्प्युटरवर नटांना पुसून टाकलं, म्हणजे हॉवर्ड हवेशी भांडताना दिसावा. आणि ती फीत बैठकीत त्याच्याच समोर लावली! माणूस खचलेला असताना त्याला वेडा ठरवून कागद करून घ्यायचे, हे आपल्याकडे भाऊबंद सातबाऱ्यासाठी करतात. त्यांना कुणी देवदूत म्हणत नाही.

वर प्रत्येकाला आपापला धडा फुकट. नॉर्टनला दुरावलेली मुलगी, विन्स्लेटला मातृत्वाची ओढ, पेन्याला घरच्यांपासून लपवलेलं आजारपण. हॉवर्डचं दुःख म्हणजे चाळीतला सार्वजनिक नळ झालाय, येईल त्याने कळशी भरून न्यावी.

ठाणेकर
हेलन मिरेनसाठी बघावा. मृत्यूची भूमिका मिळाल्यावर बाई काय खुलते! बाकी चालू द्या.

परदेशस्थ
इकडे डिसेंबरात टीव्हीवर हमखास लागतो तो फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ', १९४६चा. त्यातला देवदूत क्लॅरेन्स दुय्यम दर्जाचा, पंखही न मिळालेला. तो येऊन कुणाचं दुःख पुसत नाही. हरवलेले आठ हजार डॉलर हाती लागलेला पैसेवाला पॉटर ते शेवटपर्यंत गिळूनच बसतो.

पण शोकाचा खरा प्रसंग देवदूत यायच्या कितीतरी आधी आहे. १९१९ साल. औषधवाल्या गॉवरला तार आलीय, मुलगा इन्फ्लुएंझाने गेला. त्या धुंदीत तो कॅप्सूलमध्ये विष भरतो. दुकानात काम करणारा बारा वर्षांचा जॉर्ज ते ओळखतो आणि पुडी पोचवत नाही. म्हातारा त्याच्या दुखऱ्या कानावर मारत सुटतो. पोरगं रडत सांगतं काय झालं ते. म्हातारा भुकटी चाखून बघतो आणि त्याला मिठी मारतो. हे बघितल्यावर 'प्रेम' म्हणून कीरा नाइटली समोर उभी केली तर जाहिरातच वाटते.

पारिजात
परदेशस्थ, हे तर माझ्याच बाजूचं झालं. गॉवरला समजावलं कुणी? पोराने मार खाल्ला आणि जागेवरून हललं नाही. हॉवर्डपुढे ते नट तेवढंच करतात. फितीबद्दल खडूस म्हणतात ते भागीदारांना लागू, नटांना नाही.

उंबरठा
मला दोन्ही बाजू थोड्या लांबून बोलल्यासारख्या वाटतात. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा आयसीयूबाहेरच्या बाकावर आईशेजारी एक अनोळखी बाई येऊन बसल्या आणि 'यातूनही काही चांगलंच होईल' म्हणाल्या. आईने पुढे किती तरी दिवस त्या बाईंना शिव्या दिल्या. या सिनेमात नेमकं तेच वाक्य, जरा नटवून ('दुःखासोबत येणारं सौंदर्यही बघ' अशा अर्थाने), मरणाऱ्या मुलीच्या आईला ऐकवलंय आणि त्यावरून सिनेमाचं नाव ठेवलंय. मला ते ऐकवत नाही.

खरं वाटलं ते दुसरंच. मुलं गमावलेल्या आईबापांच्या गटात मॅडलिन (नेओमी हॅरिस) हॉवर्डला मुलीचं नाव विचारते. त्याच्या तोंडून ते निघत नाही. अगदी शेवटी, तिच्या घरात, ती त्याच्याकडून वदवून घेते: ऑलिव्हिया, सहा वर्षांची, आजाराचं नावसुद्धा. आणि तेव्हा आपल्याला कळतं की ही त्याचीच बायको. आमच्या घरात भाऊ कित्येक महिने नुसता 'तो' होता. आईने पहिल्यांदा नाव घेतलं ते गॅसवाल्याशी बोलताना, कार्ड त्याच्या नावावर होतं म्हणून. देवदूत वगैरे कुणी आलं नाही.

खडूस
उंबरठा, सहमत. मग त्या तीन नटांना काम काय उरलं?

पारिजात
त्याला त्या गटाच्या खोलीत आणायचं. आधी तो बाहेरूनच बघून परत जायचा.

खडूस
ते फीत न काढताही झालं असतं.