दुपारी दोन ते पाच डोकं चालत नाही, मदत हवी आहे

मंडळी, मी इंदूरला, रामबागेत राहते. मे महिन्यात सीए इंटरचा (सीएच्या मधल्या टप्प्याच्या परीक्षेचा) पहिला ग्रुप द्यायचाय: अकाउंट्स, लॉ आणि टॅक्स. प्रत्येक पेपरात ४०, एकूण ५० टक्के हवेत.

डिसेंबरचा हिशोब मांडला तर लाज वाटते. दोन वेबसिरीज संपवल्या, सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक पाहिलं (त्याचा पश्चात्ताप नाही), आणि लॉचे जेमतेम तीन चॅप्टर. नवीन वर्षात सकाळ सुधारली आहे, साडेपाच ते नऊ छान होतं. पण पेपर असतो दुपारी दोन ते पाच! नेमकं तेव्हाच वरण-भात पोटात गेलेला असतो, आणि तिसऱ्या प्रश्नाला पेनाची रेघ वहीच्या बाहेर जाते.

करून पाहिलेलं: फोन आईच्या डाळीच्या डब्यामागे ठेवला. उपयोग झाला. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुट्टी हेही केलं, पण कन्सॉलिडेशनचं (कंपन्यांचे हिशोब एकत्र मांडायचं) गणित पंचविसात अर्धंच होतं, पुन्हा सुरुवातीपासून बघावं लागतं. चहाने ॲसिडिटी होते, तो सुचवू नका. जेवण साडेबाराच्या आत शक्य नाही, घरी आजोबांची वेळ ठरलेली आहे. लायब्ररीही नको, साडेपाचला माझ्या शिकवण्या असतात.

ज्यांनी दुपारचे पेपर दिलेत त्यांनी सांगा: जेवून वीस मिनिटं झोपून मग लिहायला बसावं, की झोप मोडून रोज तीन तास सलग लिहायची सवय लावावी? आणि ती अंगवळणी पडायला तुम्हाला साधारण किती आठवडे लागले?