सिलिकॉन स्ट्रिप सेन्सर: चार्ज कमी, नॉइज जास्त. दोष सेन्सरचा की रीडआउटचा?

सिलिकॉन_शिकाऊ:
प्रकल्पासाठी ३०० मायक्रॉन जाडीचा एन-इन-पी (पी-प्रकारच्या सिलिकॉनवर एन-प्रकारच्या पट्ट्या) स्ट्रिप सेन्सर तपासतेय; आरपार जाणारा कण त्यात सोडतो तो चार्ज या पट्ट्या टिपतात. कोरा आहे, किरणोत्साराचा मारा झालेला नाही. रीडआउट, म्हणजे सिग्नल वाचणारी यंत्रणा, अलिबावा; तिच्या आत बीटल चिप. १२८ पैकी ६४ चॅनेलच सेन्सरला बारीक तारांनी जोडलेत (बाँड केलेत), बाकीचे मोकळे. वर बीटा कण सोडणारं स्ट्रॉन्शियम-९०, खाली कण आल्याची खूण (ट्रिगर) देणारा सिंटिलेटर.

बायस, म्हणजे सेन्सरवरचं व्होल्टेज, वाढवत नेला तसा चार्ज वाढला आणि मग सपाट झाला, पण १५ हजार इलेक्ट्रॉनवरच. हिशोबाने २३ हजारांच्या आसपास यायला हवा. चार्जच्या आलेखातला पीकही डावीकडे पसरलेला दिसतो. नॉइजचं आणखी विचित्र: पेडेस्टल, म्हणजे सिग्नल नसतानाची चॅनेलची पातळी, काढल्यावर बाँड केलेल्या चॅनेलचा सरासरी १६ काउंट, मोकळ्यांचा ३. कॉमन मोड, म्हणजे चॅनेलच्या सरासरीतून मिळणारा सामाईक चढउतार, वजा केला की बाँड केलेल्यांचा ९ आणि मोकळ्यांचा चक्क ८! कॅलिब्रेशन पल्सप्रमाणे एक काउंट म्हणजे साधारण १९० इलेक्ट्रॉन. दोन आठवडे यातच गेले. सेन्सर बदलून मागू का?

चॅनेल_१२७:
सेन्सर पूर्ण डिप्लीट होत नसेल, म्हणजे त्याची सगळी जाडी चार्ज गोळा करत नसेल. बायस अजून वाढवून बघा.

बाँड_तपासनीस:
नको. चार्ज सपाट झालाय म्हणजे डिप्लेशन पूर्ण झालंय. उगाच व्होल्टेज चढवून चांगला सेन्सर ब्रेकडाउनला नेऊ नका. तुमचे आकडे वाचून मला तर सेन्सर निर्दोष वाटतो. दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात, त्या सोडवू.

आधी चार्ज. बीटल ४० मेगाहर्ट्झवर, म्हणजे दर २५ नॅनोसेकंदांनी सिग्नलचा नमुना घेते. बीटा कण काही घड्याळ बघून येत नाही. त्यामुळे नमुना कधी पल्सच्या माथ्यावर पडतो, कधी चढावर, कधी उतारावर. सगळे इव्हेंट एकत्र भरले की पीक खाली सरकतो आणि डावीकडे पसरतो, म्हणजे तुम्हाला दिसतंय तेच. प्रत्येक इव्हेंटसोबत टीडीसीची (ट्रिगरची नेमकी वेळ मोजणाऱ्या घटकाची) वेळ साठवलेली असते. त्या वेळेसमोर सरासरी चार्ज काढा, पल्सचा आकार उमटेल. मग माथ्याभोवतीची १० नॅनोसेकंदांची खिडकी ठेवून बाकीचं सोडून द्या. इव्हेंट कमी उरतील, पण खरे उरतील.

आता नॉइज. कॉमन मोड वजा केल्यावर मोकळ्या चॅनेलचा नॉइज ३ वरून ८ वर चढलाय, हीच खरी खूण. बाहेरून शिरणारा हा सामाईक नॉइज, म्हणजे पिकअप, सेन्सरमधून येते, म्हणून मोकळ्या चॅनेलना ती जवळजवळ शिवतच नाही. तुम्ही सरासरी मात्र १२८ वर काढताय, त्यामुळे ती निम्मीच येते. बाँड केलेल्यांमधून निम्मी पिकअप निघतच नाही आणि मोकळ्यांमध्ये तेवढीच उलटी घुसते. सरासरी फक्त ६४ वर काढा, ज्यांच्यावर हिट आहे ते चॅनेलही वगळा.

आणि कृपा करून सॉफ्टवेअरवर थांबू नका. १६ काउंट फार आहेत. हाय व्होल्टेजच्या वाटेवर, सेन्सरच्या अगदी जवळ, नॉइज गाळणारा आरसी फिल्टर (रोध आणि कपॅसिटरचा) आहे का? ॲल्युमिनियमची पेटी आणि बोर्डाचं ग्राउंड एकाच ठिकाणी, आखूड तारेने जोडलंय का? एकदा सेन्सरवर दोष टाकला की तो खोक्यात बंद होतो आणि पुन्हा कुणी तपासत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

सिलिकॉन_शिकाऊ:
खूप आभार. टीडीसीची खिडकी लावल्यावर पीक २२,४०० वर आला, डावीकडचा पसारा गेला. सरासरी ६४ वर काढल्यावर नॉइज ४.९ काउंट, म्हणजे सुमारे ९३० इलेक्ट्रॉन. सिग्नल-नॉइज गुणोत्तर ९ वरून २४! फिल्टर नव्हताच. तो बसवला, ग्राउंडची लांब तार काढली, तर कॉमन मोड वजा करण्याआधीचाच नॉइज १६ वरून ७ वर उतरला.

एकच राहिलं. बाँड केलेल्यांपैकी ४१ नंबरच्या चॅनेलचा कॉमन मोड वजा करण्याआधीचा नॉइज ३ आहे, शेजाऱ्यांचा ७. हा चांगला चॅनेल धरायचा का?

बाँड_तपासनीस:
नाही. ३ म्हणजे तुमच्या मोकळ्या चॅनेलइतकाच, म्हणजे नॉइज वाढवणारी स्ट्रिपची धारिता (कपॅसिटन्स) त्याच्यावर नाही. बाँडची तार सुटली असणार. मायक्रोस्कोपखाली तारेची दोन्ही टोकं बघा, आणि तोवर ४१ ला सरासरीतूनही वगळा.