प्रति: एजन्स्या एकत्र बसून गरिबाला काय मिळणार?
वर विचारलंय की आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि वर्ल्ड बँक एका टेबलावर बसून गरिबाला काय मिळतंय. मिळू शकतं की! जी-20 च्या सांगण्यावरून 2012 ला दोघांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक सुरक्षेच्या कामाचं समन्वय मंडळ झालं, त्याच वर्षी आयएलओची 202 नंबरची शिफारस आली, लेकरं, आजारपण, म्हातारपण सगळ्याला किमान आधार पाहिजे म्हणून.

आता आमच्या शिवाजी पेठेतल्या आक्का बघा, धुणीभांडी करून बोटं झिजलीत, मशीन अंगठाच घेत नाही, हयातीच्या दाखल्यापायी तीन हेलपाटे झाले आणि निराधार योजनेचे महिन्याचे दीड हजार अडकले ते अडकलेच. वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्राचा वाटा तर साठ ते एकोणऐंशी वयाला महिना 200 रुपये, त्यात औषधं तरी येतात का? मंडळानं आधी ह्या अंगठ्याचं बघावं, जिथं मशीन फेल तिथं माणसानं घरी जाऊन सही घ्यावी.